ट्रामच्या दारात ओढणी

वाळूच्या पोत्याला माझा पाय लागला आणि मी वाकून त्या पोत्याला हात लावून नमस्कार केला. वर ‘सॉरी’ही म्हणालो. नवी ट्राम लोकांसाठी सुरू करण्याआधी प्रवाशांच्या वजनाची अशी पोती भरून ती पळवून, थांबवून बघतात. बाकी कुणी पाहिलं नसतं, पण नेमका मागे साहेब उभा होता.

“ओळखीचे आहेत का?” त्याने विचारलं.

साहेब म्हणजे आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. डेपोत तो फक्त फोटो काढायच्या दिवशी उगवायचा. त्याच्या पिवळ्या जॅकेटवर घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. ब्रेक कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्घाटनाला कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, कोण कोण येणार आणि केक कुठून येणार, हे मात्र पाठ होतं. अशा माणसाच्या हातात माझं काँट्रॅक्ट. ते महिनाअखेरीस संपत होतं, आणि या परक्या देशातला माझा व्हिसा, मुलांच्या शाळा, सगळं त्यालाच बांधलेलं.

माझं काम दारांचं. दार बंद होताना मध्ये काही आलं तर ते परत उघडलं पाहिजे आणि तोवर गाडी हलता कामा नये. नियमाप्रमाणे लाकडी ठोकळा मध्ये धरला. दार शहाण्यासारखं उघडलं. साहेबाने टाळ्या वाजवल्या, जणू ठोकळा त्याचाच मुलगा होता.

मग मी बॅगेतून बायकोची ओढणी काढली. आदल्या दिवशी तिनेच विचारलं होतं, “ओढणी अडकली तर कळतं का रे तुमच्या ट्रामला?” मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं, सकाळी निघताना मात्र मागून घेतली. ओढणीचं टोक दारात धरलं. दार मिटलं, ओढणी गच्च अडकली आणि ड्रायव्हरसमोरचा हिरवा दिवा लागला. म्हणजे गाडी निघायला मोकळी, ओढणीवाली बाहेर.

साहेब म्हणाला, “पण इतकं लांब घालतं कोण?”

“माझी बायको. आमची अर्धी गल्ली. आणि थंडीत तुम्ही सगळे. त्याला स्कार्फ म्हणतात.”

“मग त्यांना आत खोचायला सांग. ठोकळा पास झालाय, सोमवारी उद्घाटन आहे. दारं ठीक आहेत, एवढंच म्हण.”

मी काही शूर माणूस नाही. कॅफेत गार कॉफी आली तरी ‘लव्हली’ म्हणून पितो. पण त्या कोऱ्या जॅकेटकडे बघताना भीतीपेक्षा किळस जास्त आली. त्याच्या लेखी पोती आणि माणसं यांत फरक एवढाच, की पोती तक्रार करत नाहीत.

“दारं ठीक नाहीत,” मी म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला. तेच लगेच प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना ईमेलही करून टाकलं, म्हणजे घरी पोचेपर्यंत माझं मन फिरायला जागा नको.

उद्घाटन पुढे गेलं, दारं दुरुस्तीला गेली. साहेबाने मला बोलावलं आणि ‘बस’ असंही न म्हणता सांगितलं, की माझं काँट्रॅक्ट वाढवायची सध्या गरज दिसत नाही. सांगताना नजर फोनवर होती. केकची ऑर्डर रद्द करत होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, आवाज चिरकल्याचा भाग वगळून. कणीक मळता मळता तिने ऐकून घेतलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “आता ब्रॅकनेलच्या तुझ्या मित्राला फोन लाव. आणि त्याला ही शौर्यकथा सांगत बसू नकोस. व्हिसा देणारी नोकरी आहे का, ते आधी विचार.”