सुरंगीच्या जुन्या फांद्या

मुलुंडच्या त्या कॉलेजात कोण काय शिकवतं हे आजूबाजूच्या वस्तीला माहीत नाही, पण कॉलेजच्या मागची झाडांची बाग सगळ्यांना तोंडपाठ आहे. सकाळी फाटक उघडलं की चालणारे येतात. हास्यक्लबवाले येतात आणि विनोद न ऐकताच हसून जातात. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, शाळेतली मुलं पानं ओळखायला येतात. प्रत्येक झाडावर नावाची पाटी आहे, आणि ती वाचून झाली की लोक परबांना विचारतात, हे कसलं हो झाड?

सहदेव परब म्हणजे तिथले माळी. वडील गिरणीत होते, गाव वेंगुर्ल्याकडचं. बागेच्या कोपऱ्यातली सुरंगी त्यांनीच गावाहून रोप आणून लावलेली. मार्च आला की तिच्या जुन्या फांद्यांना कळ्या लगडत, आणि परबांची बायको रुक्मिणी भल्या सकाळी येऊन त्या उमलायच्या आत काढायची. मग बाकावर बसून केळीच्या सोपटाच्या धाग्यात वळेसर, म्हणजे गजरे, वळायची. सोपटाचं शेवटचं टोक दातांनी तोडायची. कुणी कात्री दिली तर तिला राग यायचा. त्या दिवसांत चालायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसात सुरंगी असे. पार्किंगवरून ज्यांचं बोलणं बंद, त्या बायकाही एकाच बाकावर टेकून आपल्या गजऱ्याची वाट बघत.

रुक्मिणी गणपतीनंतर तापाने गेली. परबांनी तिचे दिवस केले आणि कामावर आले. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसले, त्यांना काही वाटतच नव्हतं. भात जेवत, चव कळत नसे. मुलगी फोन करी, तर ते बरा आहे म्हणत आणि फोन ठेवल्यावर ती काय बोलली ते आठवत नसे. आधी रडू येत नाही याची लाज वाटे, पुढे तीही वाटेनाशी झाली. एकच गोष्ट अधूनमधून टोचायची. मार्च येणार, सुरंगी फुलणार, आणि सगळ्या बायका त्या रिकाम्या बाकाकडे बघणार.

जानेवारीत बागेची छाटणी निघाली, तेव्हा परब सुरंगीवर चढले आणि जुन्या फांद्या एकेक करून उतरवल्या. सुरंगीला फूल येतं ते जुन्या फांदीवरच. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? पण बघायला कुणी नव्हतं, आणि बघितलं असतं तरी छाटणीच तर चालली होती.

मार्च आला, झाडावर एक कळी नाही. मग काय, सगळी चालणारी मंडळी झाडाच्या तब्येतीला लागली. एकाने शेणखत आणलं, दुसऱ्याने बुंध्याशी आंबट ताक ओतलं, तिसऱ्याने झाडाला फोनवर मंत्र ऐकवला. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी बदलत्या हवेला दोष दिला. परब सगळ्यांना हो म्हणत. लोकांना फसवतो आहोत, याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

चालणाऱ्यांत एक कुंदाताई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि तोंडाने फटकळ. एका सकाळी त्या सुरंगीखाली थांबल्या, कापल्याच्या खुणांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग परबांकडे वळल्या.

"परब, तुम्ही मुद्दाम छाटलीत ना ही?"

"व्हय," परब म्हणाले.

आता ही बाई चारचौघांत आपले वाभाडे काढणार, असं त्यांना वाटलं. पण कुंदाताई आपली फेरी पुरी करायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी येताना रुमालात गुंडाळून त्यांनी गेल्या वर्षीचा एक वळेसर आणला. साड्यांच्या कपाटात ठेवला होता म्हणे. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. वळेसर परबांच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, फांद्या पुन्हा फुलायला किती दिवस लागतील. परब म्हणाले, दोनतीन वर्षं तरी. मग तोवर आम्हाला वळायला शिकवून ठेवा, असं कुंदाताई म्हणाल्या.

परबांनी वळेसर तळहातावर उलटा केला. "माका येना नाय," ते म्हणाले. "तीच वळी. मी कधी इचारुकच नाय."

कुंदाताई गेल्यावर ते बाकावर बसले. सोपट कुठून कसं फिरवलंय ते बघावं, म्हणून टोकाची एक गाठ नखाने सोडवली. सुटलेलं फूल बोटांतच चुरलं. गाठ परत घालायला गेले, ती काही जमेना. सोपटाचं टोक दातांनी तोडल्यासारखं वेडंवाकडं होतं. इतके महिने बधिर पडलेलं काहीतरी तेव्हा आत दुखलं, फार दुखलं, आणि त्याने बरं मुळीच वाटलं नाही.

दुसरी गाठ त्यांनी सोडवली नाही. वळेसर शर्टाच्या खिशात ठेवला आणि पाण्याची रबरी नळी ओढत सुरंगीला पाणी घालायला गेले.