मिरेइचा गुलाबी

ओडेटमामी कागदावरच रंगवायची. कॅनव्हास तिनं कधी घेतला नाही. "कॅनव्हासवर चुकलं की वरून थापता येतं," ती म्हणायची. "कागद जे प्यायला ते प्यायला." मासळीच्या कारखान्यात दिवसभर शेवंड सोलून आली की ती स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करायची, कागद भिजवायची, त्यावर रंग सोडायची आणि कागद हळूहळू कलता करत बसायची. कुठे थांबायचं ते रंगानं ठरवावं, एवढीच तिची अट. चित्रात माणूस नाही, घर नाही, होडी नाही. नुसते हिरवे, केशरी, जांभळे, एकमेकांत शिरता शिरता थबकलेले.

"ओडेट, हे उलटं तर नाही ना टांगलंस?" कारखान्यातल्या बायका विचारायच्या.

"उलटं करून बघ. आवडलं तर तसंच ठेव."

अल्सिदमामा शेवंड पकडायला समुद्रावर जायचा. त्याला चित्रांतलं काही कळत नसे, पण कागद सुकत असला की घराचं दार हळू लावायचा.

त्यांची लेक मिरेइ लहानपणीच गेली. शेवटच्या आजारात ती टेबलाशी बसून आईला रंग सांगायची. यारमथ गावातल्या दुकानातून शाईची एक बाटली तिनंच निवडली होती, भडक गुलाबी. "आई, अजून घाल. अजून!" त्या गुलाबीचा एकच कागद झाला. राखी हिरव्यावर तो रंग कडेला पातळ आणि मध्ये दाट उतरला होता, थंडीतून धावत घरात आलेल्या पोरीच्या गालासारखा.

ती शाई उन्हात टिकत नाही, हे मामीला ठाऊक होतं. मिरेइ गेल्यावर तिनं तो कागद खणात, चादरींखाली ठेवला.

"भिंतीवर लाव ना," मामा म्हणायचा. "बघू दे मला."

"बघत राहिलास तर जाईल तो."

"मग असून काय उपयोग?"

 मामी स्वतःही तो खण उघडायची नाही.

गेल्या वर्षी बर्फ वितळताना पाय घसरून मामीचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ते लवकर जुळेना. हॅलिफॅक्सच्या इस्पितळातून ती परतली तेव्हा पानगळ सुरू झाली होती. तिला आणायला मी गेले होते. मामानं तिच्यासाठी किसलेल्या बटाट्याची रापूर ओव्हनमध्ये ठेवली होती, घरभर वास होता. मामी काठी टेकत आत आली आणि दारातच थांबली.

खिडकीसमोरच्या भिंतीवर तो कागद टांगलेला होता. मधोमध गुलाबी होता, पण भलताच. जाड, सपाट, चकचकीत.

"अल्सिद, हे काय?"

"तू नव्हतीस, म्हणून लावला," मामा म्हणाला. "पण उन्हाळ्यात फिका पडत चालला. रोज थोडा थोडा. मी घाबरलो गं. मग बोये रंगवायला काढले तेव्हा..."

पुढचं सांगावं लागलं नाही. हंगामाआधी आमच्याकडे घरोघरी बोये, म्हणजे शेवंडीच्या सापळ्यांच्या खुणेला पाण्यावर तरंगणारे ठोकळे, रंगवतात. उन्हानं, खाऱ्या पाण्यानं रंग उडाला की त्याच रंगाचा नवा हात द्यायचा, म्हणजे समुद्रात आपला बोया ओळखू येतो.

"दोन हात दिलेत. दुकानदार वैतागला, रंग जुळेपर्यंत इतके डबे परत केले. सारखाच आहे ना?"

रंगातलं तेल कागदात पसरून भोवती पिवळट कडं उमटलं होतं. आता ही ओरडणार, असं मला वाटलं.

"रोज बघायचास?" मामीनं विचारलं.

"जेवताना. बोलायचोसुद्धा तिच्याशी. हसशील तू."

मामी हसली नाही. "काढ खाली."

मामाचा चेहरा पडला. त्यानं कागद उतरवून टेबलावर ठेवला. मामीनं तो पालथा केला. मागच्या बाजूला ऊन लागलेलं नव्हतं. भिजल्या कागदातून तेव्हा जे झिरपलं असेल, ते तिथे उरायला हवं होतं. पण तेल तिथेही पोचलं होतं. तपकिरी डागाच्या कडेकडेनं तिची बोटं फिरली आणि एका जागी थांबली. तिथे नखाएवढा गुलाबी होता. तोच.

ती बघत राहिली. मग हात लांबवून तिनं खिडकीचा पडदा सारला. टेबलावर ऊन आलं.

"मामी, ऊन..." मी म्हणाले.

"असू दे गं."

बाजूची खुर्ची तिनं काठीनं पुढे ओढली. "ये, अल्सिद. चष्मा घाल. नीट बघून घे."