लाल सुताच्या शेंगा

सक्करदऱ्याच्या आमच्या घरामागे आई दरवर्षी डबल बीचा वेल लावायची. बाजारातली डबल बी पांढरीफटक असते. आईची जांभळ्या ठिपक्यांची. लग्न होऊन उमरेडहून येताना तिने ती पदराला बांधून आणली होती, आणि त्याचा तोरा आयुष्यभर मिरवला. वाळलेले दाणे रात्री भिजत घालायची, सकाळी शिजवून पहिलं पाणी ओतून द्यायची, मग वांग्यासोबत झणझणीत रस्सा. पहिलं पाणी न ओतता कुणी भाजी केली, तर त्याची खैर नसायची.

वेलाचा मांडव बाबांकडे असे. घरचा हातमाग मोडीत निघाला, बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात लागले, तरी उरलेल्या सुताच्या लडी आईने टाकू दिल्या नव्हत्या. त्यातलं लाल सूत ती वेलावरच्या भरदार शेंगांना बांधायची. लाल सूत म्हणजे बियाणं. ती शेंग तोडायची नाही, वेलावरच वाळू द्यायची. आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नसे.

यंदा थंडी सरता सरता आई गेली. त्या शेंगा तेव्हा वेलावर वाळत होत्या. तेरवी झाल्यावर कुहीची आत्या आमच्यासाठी मागे राहिली. आत्याकडे शेती आहे. तिथे बियाणं राखेत घोळून डब्यात ठेवतात, शेंगेला सूत कुणी बांधत नाही. तिला वाटलं, वहिनीने नजर लागू नये म्हणून बांधलं असेल. तिने एकेक सूत अलगद सोडून देवापुढे ठेवलं, सगळ्या शेंगा तोडल्या, सोलल्या, आणि कित्येक दिवसांत या घरात कुणी धड जेवलं नाही म्हणून मन लावून भाजी केली.

जेवायला बसल्यावर माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. तिथे लाल सुताचा पुंजका होता. मी तशीच उठून मागे गेले. वेलावर एक शेंग उरली नव्हती. आत्याचा असा राग आला की वाटलं, हाताला धरून तिला कुहीच्या बसमध्ये बसवावं. आणि ती बिचारी डोळे पुसत म्हणत होती की वहिनीच्या हातची चव काही आली नाही. बाबा खाली मान घालून जेवत होते. त्यांनी भाजी पुन्हा वाढून घेतली. त्यांना कळलेलं नाही, तेवढंच बरं, असं मला वाटलं.

पुढे मी ते बियाणं शोधत फिरले. उमरेडला मामांकडचा वेल केव्हाच गेला होता. दुकानदार पांढरी डबल बी पुढे करायचे. मृग लागला, तरी बाबा मांडवाचं नाव काढेनात. शेवटी मीच त्यांना सांगितलं की बियाणं आपण खाऊन टाकलं.

"मले पहिल्याच घासाले समजलं होतं," बाबा म्हणाले.

मग बोलले का नाही, असं मी विचारलं.

"तुह्या आत्यानं मायेनं रांधलं होतं. अन् तुह्या मायनं लावलेलं ते शेवटचं होतं वं. म्हणून अजून वाढून घेतलं."

मी माझ्या ताटातली भाजी त्या दिवशी रागाने गाईला घातली होती.