ऐनाच्या सालीचं पाणी

"घ्या, वास घ्या. कुबट येतो?" असं म्हणत सर समोरच्याच्या नाकाखाली सुका बोंबील धरत. ओळखीचा असो वा नसो. तुम्ही बोईसरच्या बाजारात मासळी घेत असाल, तर तुमच्याही नाकाखाली तो कधीतरी आला असेल.

त्यांची सगळी नोकरी तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर कुंभवलीच्या खोलीत ते ऐनाच्या झाडाची साल उकळत बसत. सुती जाळी होती तेव्हा कोळी ती याच पाण्यात बुडवायचे. जाळं कुजत नसे. "जाळं टिकतं, तर मासा का नाही टिकणार?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

मी सुक्या मासळीचा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आता गोदाम आहे. पावसाळ्यात तिथल्या मालाला बुरशी येते आणि माझी झोप उडते. म्हणून मी त्यांना चहा पाजत होतो.

पहिल्या खेपेला बोंबील तांबडे झाले. "सर, हा बोंबील आहे की चपलेचा पट्टा?" मी ओरडलो.

"पाणी पातळ करतो," ते म्हणाले. माझ्या रागाची त्यांनी कधी दखलच घेतली नाही. त्याने मी जास्त भडकायचो.

भर श्रावणात ते टोपली घेऊन आले. बोंबील कोरडे, बुरशीचा ठिपका नाही. "घ्या, वास घ्या. खरं सांगा, शेठ."

माल उत्तम होता. पण कृती मला एकट्याला हवी होती, आणि भाव ठरण्याआधी मालाला चांगलं म्हणणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही. मी नाक मुरडलं. "येतो थोडा कुबट. तरी घेतो मी. बोला, काय द्यायचं?"

ते टोपली उचलून निघून गेले. विकणारा फिरून येतोच, म्हणून मी वाट पाहिली. ते आले नाहीत.

दिवाळीनंतर दांडीच्या कोळीवाड्यात गेलो, तर अंगणाअंगणात साल उकळत होती. सरांनी सगळ्यांना फुकट सांगून टाकलं होतं! मला माल देणाऱ्या मावशीवरच मी डाफरलो.

"ती टोपली त्यांनी खाडीत ओतली, शेठ," ती म्हणाली. "कुबट येतो म्हणालात ना तुमी? त्यांना कुठं वास येत होता! कारखान्यात नाक गेलं त्यांचं. मग आमच्याकडं आले. आमी कुबट नाय येत म्हटलं, तवा पोरासारखे हसले."

मी अजूनही म्हणतो, चूक त्यांचीच. व्यापाऱ्याला असं विचारतात का? नाक गेलंय, एवढं तरी सांगायचं.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. यंदा पावसात मावशीने गोदामात टोपली उघडली, एक बोंबील उचलला आणि थेट माझ्या नाकाखाली धरला.

"घ्या, वास घ्या. कुबट येतो?"

नाक सवयीने मुरडायला निघालंच होतं.

"नाही येत," मी म्हटलं. भाव करायचा राहूनच गेला.