काकांची ‘चेष्टा’

दमलेय, पण लिहून टाकते.

आज सोनकच्छला काकांच्या तेराव्याला चार शब्द बोलायला उभी राहिले. हिंदी मुलखात वाढलेली मी, शिक्षण सगळं हिंदीत, तरी मराठीत बोलले, "आम्ही काकांना वाचवायची खूप चेष्टा केली."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत नाही, हे उभ्याउभ्याच आठवलं.

"दीदी, हिंदीतच बोलायचं ना," चुलतभाऊ हसत म्हणाला. हेच ऐकून वीस वर्षं मी मराठीत गप्प बसलेय. त्याचाच थकवा जास्त आहे.

निघताना काकूंनी हात धरला. "चेष्टा तर ते माझी करायचे, रोज. तू येत जा. मराठीतच बोल, चुकलीस की मी सांगेन."

चुकल्यावर हसणारे खूप भेटले. चुकायला परत ये म्हणणाऱ्या काकूच पहिल्या. तुम्हाला भेटलंय असं कोणी?