मृतांच्या यादीतल्या एस्तेरमावशी

खरं सांगायचं तर त्या रविवारी मी चर्चला प्रार्थनेपेक्षा भांडायच्या तयारीनेच गेले होते. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माझ्या मुलाच्या वयाचे. प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेणार आणि "प्रार्थना करू या, मग ठरवू" म्हणणार. मी पंचमंडळीची, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीची सेक्रेटरी, पस्तीस वर्षं शाळेत पोरांना वळण लावलेली बाई. मला हे कसं सोसवणार? हा माणूस चर्चची मंडळी चालवणार की झोपवणार, असं मी दोघातिघांना बोलूनही दाखवलं होतं. स्वतःला मात्र मी फार काटेकोर समजत होते. ज्या म्हाताऱ्या सभासदांना उपासनेला येणं जमत नाही, त्यांना घरी जाऊन भेटायचं काम माझ्याकडे होतं. कसबा पेठेतल्या एस्तेरमावशी आणि रूथमावशी त्यांतल्याच. दोघी सख्ख्या बहिणी, लग्न न केलेल्या, जन्मभर नर्सचं काम केलेल्या. त्यांतली एक जूनमध्ये वारल्याचं कानावर आलं. मी तेव्हा पुण्यात नव्हते, त्यामुळे दफनाला जाणं झालं नाही. नंतर आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता नोव्हेंबर उजाडला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आमच्याकडे वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची नावं वाचतात. नाव वाचलं की त्या घरचं माणूस पुढे येऊन मेणबत्ती लावतं. यादी मी केली होती, गॅसवर भाजी ठेवून, दहा मिनिटांत. एस्तेरमावशी थोरल्या, तेव्हा त्याच गेल्या असणार, असं मी आपलं धरून चालले. खात्री करायला एक फोन पुरला असता.

मी खणखणीत आवाजात वाचलं, "एस्तेरबाई." कोणीच उठलं नाही. मग मागच्या बाकावरून एक बाई जवळजवळ किंचाळली, "अगं बाई! अहो, त्या जिवंत आहेत! गेल्या त्या रूथबाई!" कोणीतरी फिसकन हसलं. मला कागदावरची अक्षरं दिसेनात. जिवंत बाईला मी भर उपासनेत मारून टाकलं होतं.

पाळक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बाकांवरून एकदा नजर फिरवून म्हणाले, "पण एस्तेरबाई कुठे आहेत? काहीही करून येते, बहिणीची मेणबत्ती मीच लावणार, असं परवा फोनवर म्हणाल्या होत्या. बाई, आपण आत्ताच्या आत्ता जाऊन बघता का?" आत्ता? सगळ्यांच्या देखत? मला वाटलं, हा मुलगा माझ्यावर सूड उगवतोय. रागाने पर्स उचलली आणि तरातरा बाहेर पडले.

रिक्षात माझी धुसफूस चालूच होती. बोळाच्या तोंडाशी उतरून चालत गेले, जिना चढले. दार आतून बंद, कडीला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकलेली. दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला आतून आवाज आला, फरशीवर तांब्या आपटल्याचा. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. मी अशी ओरडले की खालच्या दुकानातले तांबटकाका पहार घेऊनच धावत वर आले. आतली कडी उचकटली. एस्तेरमावशी पहाटेपासून मोरीत पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ काळेनिळे, हातात तांब्या. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

ऑपरेशननंतर त्या शुद्धीवर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. यादी, गॅसवरची भाजी, सगळं. ऐकून त्या म्हणाल्या,

"म्हणजे मेले म्हणून तरी आलीस."

मग माझा हात धरला. "पहाटेपासून एकच मागत होते गं. प्रभू, कोणाला तरी माझी आठवण होऊ दे." मी तिथेच ढसाढसा रडले. ज्या तोंडाने मी त्यांना मृत म्हटलं, त्याच तोंडून त्यांचं नाव सगळ्या मंडळीच्या कानावर गेलं होतं. हे कसं घडलं ते मला सांगता येत नाही, आणि कळल्याचा आवही मी आणत नाही.

पुढच्या रविवारी मंडळीत आनंदीआनंद होता. पाळकांनी उपकारस्तुती केली, म्हणाले, "प्रभूने बाईंना अगदी वेळेवर पाठवलं." लोक वळून वळून माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण मला बसवेना. उभी राहिले. म्हटलं, "माझी चूकसुद्धा त्याने वाया जाऊ दिली नाही, त्याचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही. यापुढे तो म्हणेल तेव्हा जाईन, माझ्या सवडीने नाही. पण कौतुक करू नका. त्या दिवशी त्याने मला वेळेवर पाठवलं नाही. तो जूनपासून पाठवत होता. मीच जात नव्हते."