स्नुखा आणि कार्डावरची सून

मी नांदेडची, संस्कृतची एम.ए. लग्न होऊन उदगीरला धान्याच्या अडतवाल्यांकडं आले. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ. सरकारनं आणि देवानं मिळून केवढा आहेर केला म्हणावं!

तेव्हा मी भाषाशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक चोरून वाचायची. त्यात जुन्या स्लाव लोकांचा एक शब्द सापडला, स्नुखा. म्हणजे सून. रशियनांची स्नोखा आणि बल्गेरियनांची स्नाहा या तिच्या लेकी. संस्कृतातली स्नुषा तिची बहीण, आणि त्या स्नुषेचीच पुढं आपली सून झाली. पण ही स्नुखा कुठंच लिहिलेली नाही. लेकींची तोंडं बघून पंडितांनी आई ठरवली, आणि नोंद नाही म्हणून शब्दापुढं एक चांदणी काढली. म्हटलं, बाई गं, तुला चांदणी तरी मिळाली!

माझं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी झालेलं, सासरच्या कार्डावर चढलेलंच नव्हतं. मग टँकर सुरू झाले. माणशी दोन घागरी, कार्ड बघून. लगेच मामंजींना माझी आठवण झाली. कार्डाच्या शेवटी त्यांनी लिहून आणलं: 'सून, एक'. घागरी अर्थात मीच वाहायची.

तेवढ्यात लातूरला एका शाळेत संस्कृतची जागा निघाली. जीव टांगणीला लागला. रहिवासाच्या पुराव्याला कार्डावर नाव हवं, तेही डिग्रीवरचंच. आणि लग्नात तांदळाच्या ताटात मामंजींनी माझं नाव बदललेलं!

"नाव चढवल्याबिगर मी टँकरवर जात न्हाई," मी सांगून टाकलं.

"लई शिकली की असंच व्हतंय," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

दोन दिवस घागरी उपड्या राहिल्या. रडू येत होतं, पण उठले नाही. तिसऱ्या दिवशी मामंजी मला घेऊन मुकाट तहसीलला गेले.

"सुनेचं नाव?" कारकुनानं विचारलं.

मामंजींनी टोपी सारखी केली. छताकडं बघितलं. बारसं त्यांनीच केलेलं, पण नवरा 'अगं' म्हणायचा आणि बाकी सगळे 'सूनबाई'. त्या नव्या नावानं वर्षभरात कुणी हाकच मारली नव्हती. शेवटी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "तुजं नाव काय गं, पोरी?"

मी डिग्रीवरचं सांगितलं.

"हाव, तेच," मामंजी कारकुनाला ठणकावून म्हणाले. "आम्हीच ठिवलंय."